एकच बेअरिंग तीनदा का गेलं?



दर वेळी आपण भागाकार, जोडाक्षरं, परिसर अभ्यास यांवर बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. गाडीच्या चाकातलं बेअरिंग! 'मॅडम, हे काय मध्येच?' असं वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. यात चौथी-पाचवीच्या मुलांसोबत करून बघण्यासारखं बरंच काही आहे. शिवाय ज्यांच्या घरी चारचाकी आहे त्यांच्या तर थेट कामाचं आहे.

झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत मी, माझी लेक आणि माझी मावशी, मावसभावाच्या गाडीतून पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. खंबाटकी घाट चढताना मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "मामा, गाडी भुंग्यासारखी का वाजतेय?" मला आधी काही ऐकूच आलं नव्हतं. मग लक्ष दिलं तर खरंच, खालून एक घुमल्यासारखा आवाज. भाऊ म्हणाला, "बेअरिंग परत गेलं वाटतं."

त्यातला 'परत' हा शब्द मला खटकला. विचारलं तर कळलं, वर्षभरातली ही तिसरी वेळ. तेच चाक, पुढचं डावं. दर वेळी गॅरेजवाला नवीन बेअरिंग टाकतो, पैसे घेतो, गाडी काही दिवस गुपचूप चालते आणि परत तेच. "हल्ली मालच खराब येतो ताई," हे त्याचं उत्तर. मला ते पटलं नाही. चाकाचं बेअरिंग पूर्ण गेलं तर आधी चाक डुगडुगतं, मग तापतं आणि फारच दुर्लक्ष केलं तर हबसकट चाक गाडीपासून सुटूही शकतं. आणि त्या गाडीत आम्ही सगळे बसलेलो.

आता एक महत्त्वाची गोष्ट सांगायला हवी. माझ्या भावाला ट्रॅक डेचा नाद आहे. म्हणजे स्पर्धा नव्हे. रेसिंग ट्रॅक दिवसभरासाठी उघडतात, फी भरून आपली रोजचीच गाडी तिथे जोरात चालवता येते. हा पठ्ठ्या चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जातो. ३.७१७ किलोमीटरचा तो ट्रॅक आहे. इतक्या लांब गाडी चालवत जायचं, तिथे दिवसभर पिदडायची आणि त्याच गाडीने परत यायचं. मावशीला यातलं अर्धंच माहीत आहे, तेव्हा आपल्यातच ठेवा.

आधी बेअरिंग म्हणजे काय ते बघू

लोणच्याच्या बरणीची दोन झाकणं घ्या. एक पालथं ठेवून त्यावर जड पुस्तक ठेवा आणि फिरवायला सांगा. घासतं, अडकतं. आता एका झाकणात कडेकडेने गोट्या भरा, वर दुसरं झाकण ठेवा आणि त्यावर पुस्तक ठेवून फिरवा. पोरं अक्षरशः ओरडतात, इतकं हलकं फिरतं. घासण्याच्या जागी गडगडणं आलं, एवढाच त्यातला बदल.

गाडीच्या चाकात हेच असतं, फक्त गोट्यांऐवजी पोलादी छर्रे, तेही दोन रांगांत. छर्ऱ्यांच्या बाहेर एक कडं, आत दोन कडी शेजारी शेजारी. बाहेरचं कडं गाडीच्या बाजूला, म्हणजे ज्याला मेकॅनिक 'नकल' म्हणतात त्यात, प्रेसने घट्ट बसवलेलं. आतल्या कड्यांमध्ये चाकाचा हब घट्ट घुसवलेला. आणि या सगळ्याला आरपार धरून ठेवणारा एक मोठा नट. ग्रीस आत, दोन्ही बाजूंनी सील. (सगळ्याच गाड्यांत असं प्रेसने बसवायचं बेअरिंग नसतं. काहींत हबसकट तयार युनिट बोल्टने लावायचं असतं. भावाच्या गाडीत प्रेसवालं आहे.)

'घट्ट' हा शब्द मी दोनदा वापरला, तो लक्षात ठेवा. पुढे सगळी गंमत तिथेच आहे.

बेअरिंगच गेलंय कशावरून?

आवाज आला की बेअरिंग, असं समीकरण नको. टायर वेडेवाकडे झिजले तरी अगदी असाच आवाज येतो. टायर पुढचे मागे, मागचे पुढे करून बघावेत. आवाजाची जागा बदलली तर दोष टायरचा. क्लच दाबून इंजिनचा वेग खाली आणला तरी आवाज तसाच राहिला, फक्त गाडीच्या वेगाबरोबर कमी-जास्त झाला, तर तो चाकाकडचा. मोकळ्या रस्त्यावर हळूच उजवीकडे वळवल्यावर आवाज वाढला तर संशय डाव्या चाकावर, कारण उजवीकडे वळताना भार डावीकडे जातो. हे बहुतेक वेळा खरं ठरतं, पण शंभर टक्के नाही.

आम्ही कोल्हापुरात पोचल्यावर गाडी जॅकवर घेतली, खाली आधाराला स्टँड लावले. चाक वर आणि खाली धरून हलवलं. किंचित टकटक. डावी-उजवीकडे धरून हलवलं तर कमी. (तिथे जास्त हललं असतं तर स्टिअरिंगचे जॉइंट बघायला हवे होते.) मग भावाने मला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि परत हलवलं. टकटक गायब! ब्रेक दाबला की डिस्क, म्हणजे पर्यायाने हब, नकलला पकडून ठेवला जातो. मग प्ले नाहीसा झाला, याचा अर्थ तो त्या दोघांच्या मध्येच होता आणि तिथे बेअरिंगशिवाय काही नसतं. किती साधी युक्ती! शेवटी सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटं टेकवून चाक हाताने फिरवलं. बोटांना खरखर जाणवत होती. लेकीलाही जाणवली. वाळूवरून काहीतरी फिरवल्यासारखी, हे तिचे शब्द.

भावाला एक गोष्ट तेव्हा आठवली. ट्रॅकवर जोरदार वळण संपलं की पुढच्या ब्रेकला पेडल नेहमीपेक्षा खोल जायचं. त्याला वाटलं ब्रेक ऑइल जुनं झालं. प्रत्यक्षात हब डुलत असल्यामुळे डिस्क तिरकी होऊन ब्रेक पॅडना मागे ढकलत होती. बेअरिंग तेव्हाच सांगत होतं.

डावंच का?

हा भाग मुलांबरोबर मैदानावर करा. फक्कीने एक वेडीवाकडी बंद रेघ आखा, रस्ता स्वतःला छेदणार नाही अशी. एका मुलाला त्यावरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालायला लावा. उजवीकडे किती वळला, डावीकडे किती वळला, मोजा. रेघ कशीही आखा, एका फेरीअखेर उजवीकडचं वळणं डावीकडच्यापेक्षा बरोबर ३६० अंशांनी जास्त भरतं. चार काटकोन! भावाचा ट्रॅक घड्याळाच्या दिशेने चालवायचा. म्हणून डाव्या चाकांवर भार जास्त.

पण थांबा. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. खचलेली साइडपट्टी, उखडलेली कड, गटाराची झाकणं हे सगळं डाव्या चाकाच्याच नशिबी. म्हणजे डावं जाण्याला दोन संशयित झाले. एकाच पुराव्याला दोन स्पष्टीकरणं लागू पडत असतील तर तो पुरावा अर्धाच. हे मी वर्गात नेहमी सांगते, त्या दिवशी स्वतःला सांगितलं.

भार किती?

ढोबळ हिशेब करू. गाडी १,००० किलोची, इंजिन पुढे, म्हणून पुढच्या प्रत्येक चाकावर सुमारे ३०० किलो धरू. ट्रॅकवर जोरात उजवीकडे वळताना पुढच्या डाव्या चाकावर समजा ४५० किलो येतात आणि टायर जमिनीला धरून आडवा जोर लावतो तो ४०० किलोच्या आसपास. हा जोर चाकाच्या तळाशी, बेअरिंग मध्यभागी. मधलं अंतर साधारण २९ सेंटिमीटर. म्हणजे पहारीने दगड उचकटावा तसं ते चाक बेअरिंगला उचकटत असतं. ४०० गुणिले ०.२९, झाले ११६. हे पेलायचं कोणी? छर्ऱ्यांच्या दोन रांगांनी. त्यांचं एकमेकींपासूनचं परिणामी अंतर ६ सेंटिमीटर धरलं तर ११६ भागिले ०.०६, म्हणजे प्रत्येक रांगेवर १,९०० किलोच्या वर! आख्ख्या गाडीच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट, तळहातावर मावणाऱ्या वस्तूवर. गावातल्या रस्त्यावर सावकाश वळताना हाच आकडा तीनशे-सव्वातीनशेच्या आसपास येतो.

आता घनाचा पाठ. छर्ऱ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं. भार दुप्पट तर आयुष्य एक-अष्टमांश. तिप्पट तर एक-सत्ताविसांश. 'मॅडम, घनाचा उपयोग काय?' असं विचारणाऱ्या सातवीच्या मुलासाठी हे उदाहरण राखून ठेवा.

भावाच्या मित्रांनी सगळा दोष चाकामागे लावलेल्या १५ मिलिमीटरच्या स्पेसरवर टाकला होता. स्पेसरमुळे चाक बाहेर सरकतं, बेअरिंगवर ताण वाढतो, म्हणून जातं, असा सगळ्यांचा निकाल. मी कागदावर बाण काढून बघितले. सरळ रस्त्यावर ताण वाढतो हे खरं, पण किती? ३०० गुणिले ०.०१५, म्हणजे ४.५. वळणातल्या ११६ पुढे हे काहीच नाही. आणि गंमत म्हणजे वळणातल्या बाहेरच्या चाकावर स्पेसरचा जोर उलट्या दिशेने लागतो. तळाचा आडवा जोर चाक एका बाजूला कलंडवतो, बाहेर सरकलेला उभा भार दुसऱ्या बाजूला. तिथे तर स्पेसर उलट किंचित मदतच करतो! आतल्या बाजूच्या चाकाला मात्र दोन्ही जोर एकाच दिशेचे. भाऊ पाच मिनिटं कागदाकडे बघत राहिला. (स्पेसर आम्ही नंतर काढलेच, पण ते चाकाच्या बोल्टांच्या काळजीने. बेअरिंगच्या गुन्ह्यात ते प्यादं होतं, वजीर नव्हे.)

पण हिशेब जुळत नव्हता

पहिलं बेअरिंग, कंपनीतून आलेलं, सत्तर हजार किलोमीटर चाललं, त्यात तीन ट्रॅक डे. दुसरं चार महिने, एक ट्रॅक डे. तिसरं सहा आठवडे, ट्रॅक डे एकही नाही!

परत वाचा. ट्रॅकचा भार हेच कारण असतं तर तिसरं बेअरिंग सर्वांत जास्त टिकायला हवं होतं. इथे उलट झालंय. दर बदलण्यासरशी आयुष्य घटतंय. म्हणजे कारण ट्रॅकवर कमी आणि बदलण्यात जास्त.

मला एकदम माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. हातच्याच्या वजाबाकीत तिचं उत्तर तीन दिवस चुकत होतं. मी तीन दिवस फुली मारून बरोबर उत्तर लिहून देत होते. चौथ्या दिवशी तिच्या जुन्या वहीतली गणितं शेजारी शेजारी ठेवून पाहिली तेव्हा दिसलं की पहिल्या दिवशी ती हातचा घेत नव्हती, दुसऱ्या दिवशी घेत होती पण पुढचा अंक कमी करत नव्हती आणि तिसऱ्या दिवशी तर माझंच फळ्यावरचं मांडणं तिने चुकीचं उतरवलं होतं. चूक एकच दिसत होती, होत्या तीन.

तेव्हा मी भावाला विचारलं, "जुनी बेअरिंगं कुठायत?" पहिलं भंगारात गेलं होतं. दुसरं नशिबाने डिकीत, नव्याच्या खोक्यात पडून होतं. तिसरं अजून चाकातच होतं.

जुनं बेअरिंग वाचणं

पुण्यात परतल्यावर ओळखीतल्या एका लेथवाल्या काकांकडे दोन्ही घेऊन गेलो. काकांनी तिसरं काळजीपूर्वक पुलरने काढलं, दोन्ही बेअरिंगं उघडली, रॉकेलने धुतली आणि फडक्यावर मांडली. मग म्हणाले, "मॅडम, आता तुमच्या पोरांसारखं वाचा."

दुसऱ्याच्या कड्याच्या वाटेवर छोटे छोटे खळगे होते. सगळे सारख्या अंतरावर. काकांनी छर्रे शेजारी धरून दाखवले. जेवढं दोन छर्ऱ्यांमधलं अंतर तेवढंच दोन खळग्यांमधलं. म्हणजे छर्रे स्थिर असताना त्यांच्यावर प्रचंड दाब पडला आणि प्रत्येकाने आपला ठसा उमटवला. हे मोठ्या खड्ड्यात आपटूनही होऊ शकतं, पण तेव्हा ठसे एका बाजूलाच गोळा होतात. हे गोल फिरून सगळीकडे होते. हे बसवताना झालेलं. बेअरिंग नकलमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा असतो. मग हब घुसवताना आतल्या कड्याला खालून टेकू द्यायचा असतो. टेकू दिला नाही तर सगळा दाब छर्ऱ्यांतून जातो. बेअरिंग गाडीला लागायच्या आधीच जखमी. चार महिन्यांत त्या खळग्यांच्या कडेने पोपडे उडायला लागले होते.

तिसऱ्यावर ठसे नव्हते. छर्ऱ्यांची वाटही बऱ्यापैकी चांगली. पण आतल्या कड्याचं भोक, जिथे हब बसतो, ते आरशासारखं चकाकत होतं. काकांनी मान हलवली. "हे हबवर घसरत फिरत होतं." मग त्यांनी मायक्रोमीटरने हबचा दांडा मोजला. बेअरिंगचं भोक ४० मिलिमीटरचं, म्हणजे दांडा त्याहून केसभर मोठा हवा, तरच तो घट्ट बसेल. भरला ३९.९६. चार शतांश मिलिमीटर कमी, कागदाच्या जाडीच्या निम्माही नाही! आणि दांड्यावर एक तिरपी चीर. जुनं बेअरिंग काढताना आतलं एक कडं हबवर अडकून राहतं. ते पुलरने काढायच्या ऐवजी कुणीतरी ग्राइंडरने कापलं होतं आणि कापताना दांड्यालाही लागलं होतं. मग खरवडलेल्या जागी पॉलिशपेपर मारून नवीन बेअरिंग 'सहज' बसवलं. जे घट्ट बसायला हवं ते सहज बसलं, तर आनंद करायचा नसतो.

म्हणजे पहिलं बहुधा ट्रॅकच्या भाराने आणि वयाने गेलं (ते भंगारात, त्यामुळे एवढंच म्हणता येतं). दुसरं बसवण्याने गेलं. तिसरं, दुसरं काढण्याने. 'माल खराब' बिचारा निर्दोष. बाजारात नामांकित कंपन्यांच्या खोक्यांत नकली बेअरिंगं मिळतात हे खरंच आहे, ओळखीच्या अधिकृत दुकानातूनच घ्यावीत. पण इथे तो दोष नव्हता.

काकांनी आणखी खुणा सांगितल्या त्या तुमच्यासाठी. कड्यावर निळसर-तपकिरी रंग दिसला तर उष्णतेने. ट्रॅकवर ब्रेकची डिस्क भयंकर तापते, ती उष्णता हबमधून बेअरिंगच्या ग्रीसपर्यंत पोचते, ग्रीस पातळ होतं, सील कडक होतात. ग्रीस दुधासारखं पांढरट आणि कड्यावर गंज दिसला तर पाणी. इथे भावाने जीभ चावली, कारण ट्रॅकवरून आल्या आल्या तापल्या चाकांवर प्रेशरचं पाणी मारायची त्याला सवय. गरम बेअरिंग एकदम थंड झालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

नट

राहिला तो मोठा नट. हा फक्त चाक पडू नये म्हणून नसतो. तो आतली दोन कडी एकमेकांवर दाबून ठेवतो आणि त्यानेच छर्ऱ्यांमधला प्ले ठरतो. सैल राहिला तर रांगांत फट पडते, भार मोजक्या छर्ऱ्यांवर येतो, कडं घसरायला लागतं. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यालाच, टॉर्क पान्याने आवळायचा. हवेच्या गनने 'टर्रर्र' करून नाही. नट नवीन वापरायचा. आणि तो पूर्ण आवळल्याशिवाय गाडीचा भार चाकावर टाकायचा नाही, अगदी दोन फूट ढकलायचीसुद्धा नाही. भावाला आठवलं, गॅरेजमध्ये गाडी खाली उतरवून, ढकलत बाहेर आणून मग नट आवळला होता.

या वेळी नवीन हब घेतला. नकलचं भोक काकांनी आडवं-उभं मोजलं, ते गोल आणि मापात होतं. नसतं तर नकलही बदलावा लागला असता. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये एबीएसच्या सेन्सरसाठी चुंबकीय पट्टी असते, ती बाजू आत जाईल हे तपासलं. उलटं बसलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सगळं परत खोलावं लागतं. प्रेसखाली कुठे टेकू दिलाय हे भावाने वाकून वाकून बघितलं, फोटो काढले. शेवटी डायल गेज लावून प्ले मोजला. अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत ०.०५ मिलिमीटरपर्यंत चालतो म्हणतात, इथे काटा ०.०१ च्या पुढे गेला नाही.

त्यानंतर तो दोनदा चेन्नईला जाऊन आलाय. प्रत्येक वेळी जायच्या आधी आणि आल्यावर डायल गेज लावतो आणि आकडा माझ्या लेकीने दिलेल्या चौकटीच्या वहीत लिहितो. तापमान मोजायचं पिस्तूल घेतलंय, डाव्या-उजव्या हबचा फरकही लिहितो. ट्रॅकवर शेवटची फेरी सावकाश मारून चाकं निवू देतो, पाणी दुसऱ्या दिवशी. आणि आकडा ठीक असला तरी ठरावीक ट्रॅक डेनंतर पुढची दोन्ही बेअरिंगं बदलायची असं त्याने ठरवलंय. भाराच्या घनाचा हिशेब काही आपल्या काळजीने बदलत नाही.

चकाकणारं ते तिसरं बेअरिंग मी मागून घेतलंय. शाळेच्या विज्ञान कोपऱ्यात ठेवलंय, शेजारी भिंग. खालच्या चिठ्ठीवर फक्त प्रश्न आहे : 'हे कशाने बिघडलं असेल?' आतापर्यंत एकवीस उत्तरं आलीत. त्यातलं एक 'आत गोड पदार्थ सांडला' असं आहे.